चूकभूल द्यावी घ्यावी
हिशेबातील चुका शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत

पेढीवरचे जुने बिल असो, वाण्याची यादी असो किंवा भावाभावांत वाटून घेतलेल्या कार्यखर्चाचा तपशील असो. बेरजेच्या खाली चार अक्षरे हमखास लिहिलेली आढळत : चू. भू. द्या. घ्या. म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. हिशेबशास्त्राचे मोठे शहाणपण या चार अक्षरांत साठविलेले आहे. लिहिणारा माणूस आहे, तेव्हा त्याच्या हातून चूक होणार, हे त्यात मोकळेपणाने मान्य केलेले आहे. चूक सापडली तर ज्याच्याकडे जास्त गेले त्याने ते द्यावे आणि ज्याला कमी पडले त्याने ते घ्यावे, असा उभय पक्षांचा करारही त्यात आहे. या करारात चूक होणे क्षम्य आहे. ती झाकून ठेवणे क्षम्य नाही.

हा करार पाळायचा तर चूक आधी सापडली पाहिजे. दुकानदार, लघुउद्योजक, गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार, बचत गटाची सचिव अशा अनेकांना वर्षभर वह्या सांभाळाव्या लागतात. त्यांपैकी बहुतेकांनी हिशेबाचे रीतसर शिक्षण घेतलेले नसते. मार्चअखेर दोन बाजूंच्या बेरजा जुळत नाहीत, तेव्हा रात्र रात्र जागून पाने उलटली जातात आणि अखेरीस फरकाची रक्कम ‘किरकोळ खर्चा’त ढकलून सुटकेचा निःश्वास टाकला जातो. वास्तविक चुका शोधण्याची एक ठरलेली वाट आहे. ती ठाऊक असली की श्रम निम्म्याने कमी होतात, आणि जी चूक बेरीज जुळूनही लपून राहते तिलाही उजेडात आणता येते.

ताळा पाहण्याची युक्ती

शाळेत गुणाकार झाल्यावर ‘ताळा पाहा’ असे गुरुजी सांगत. व्यापारी हिशेबातील ताळा म्हणजे तेरीज. तिच्यामागची कल्पना द्विनोंदी पद्धतीची आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन अंगे असतात : काही येते, काही जाते; कोणी देणे लागतो, कोणी घेणेकरी होतो. म्हणून प्रत्येक रक्कम दोनदा लिहावयाची, एकदा नावे बाजूस आणि एकदा जमा बाजूस. महिन्याच्या अखेरीस सर्व खात्यांच्या शिलका दोन स्तंभांत मांडल्या की दोन्ही बेरजा सारख्याच आल्या पाहिजेत. व्हेनिसमधील व्यापारी ज्या रीतीने वह्या लिहीत, तिचे सविस्तर वर्णन लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने १४९४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात केले. पद्धत त्याने शोधून काढली नव्हती. ती व्यापाऱ्यांनीच घडविली होती. पाचशे वर्षांनंतर संगणकावरील हिशेबप्रणालीही त्याच पायावर उभी आहे.

तथापि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर झाला, असा समज फार प्रचलित आहे आणि तो अपुरा आहे. नावे आणि जमा या बाजू सारख्या रकमेच्या आहेत, एवढेच तेरीज सांगते. ती रक्कम खरी आहे का, योग्य खात्यात गेली आहे का, आणि झालेला प्रत्येक व्यवहार वहीत आला आहे का, या प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी नसतात. म्हणून चुकांचे दोन गट पाडावे लागतात : तेरजेत दिसणाऱ्या आणि तेरजेत न दिसणाऱ्या.

तेरीज जुळत नाही तेव्हा

पहिला गट तुलनेने सोपा आहे, कारण तो स्वतःच ओरडून सांगतो. अशा वेळी पहिल्या पानापासून सर्व नोंदी पुन्हा तपासत बसणे हा शेवटचा उपाय असावा. प्रथम दोन बाजूंमधील फरक काढून तो कागदावर लिहावा आणि त्या आकड्यालाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न बेरजेचा. तेरजेच्या दोन्ही स्तंभांची बेरीज पुन्हा करावी. पूर्वी वरून खाली केली असेल तर आता खालून वर करावी. त्याच क्रमाने पुन्हा गेल्यास मन तीच चूक पुन्हा करते. फरक नेमका १०, १०० किंवा १,००० असेल तर तो बहुधा बेरजेतील हातच्याचा असतो.

दुसरा प्रश्न राहून गेलेल्या रकमेचा. जेवढा फरक आहे तेवढीच एखादी शिल्लक तेरजेत उतरवायची राहिली आहे काय, हे पाहावे. रोख आणि बँक यांच्या शिलका रोकडवहीत असतात, खतावणीत नसतात. त्यामुळे त्या हमखास विसरल्या जातात. मागील वर्षाच्या ताळेबंदातून पुढे ओढलेल्या शिलकाही याच वेळी पडताळून घ्याव्यात.

तिसरा प्रश्न निमपटीचा. फरकाची निम्मी रक्कम करून तेवढ्या रकमेची नोंद शोधावी. समजा, फरक रु. १,६४० आहे. त्याचे निम्मे रु. ८२०. ग्राहकाला दिलेली रु. ८२० ची सूट नावे बाजूस लिहिण्याऐवजी जमा बाजूस लिहिली गेली असेल, तर एक बाजू ८२० ने कमी आणि दुसरी ८२० ने जास्त होते. फरक दुप्पट दिसतो.

चौथा प्रश्न नऊचा, आणि तो सर्वांत मनोरंजक आहे. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय घ्यावा. ६,८५० या रकमेऐवजी घाईत ६,५८० लिहिले गेले, तर फरक २७० येतो. २७० भागिले ९ म्हणजे ३०. असे का होते? दशक आणि शतक या शेजारच्या घरांतील अंक बदलले की शतकाच्या घरात जेवढे शेकडे घटतात तेवढेच दशक दशकाच्या घरात वाढतात. शंभरातून दहा गेले की नव्वद उरतात, आणि नव्वद ही नवाची पट आहे. भागाकाराचे उत्तर पुढचीही वाट दाखविते. ३० मध्ये ३ हा अंक दशकाच्या घरात आहे. म्हणजे चूक दशक आणि शतक या घरांत झाली असून त्या घरांतील अंकांमध्ये तीनाचे अंतर असले पाहिजे. ८ आणि ५ यांमध्ये तेवढेच अंतर आहे. आता सगळी वही तपासण्याची गरज उरत नाही. ४ आणि १, ५ आणि २, ८ आणि ५ अशा जोड्या असलेल्या रकमांवरच नजर फिरवावी.

शून्य गळाले तरी हाच नियम लागू पडतो. ७,२०० ऐवजी ७२० लिहिले गेल्यास फरक ६,४८० येतो. त्याला ९ ने भागले की ७२० ही चुकीची लिहिलेली रक्कमच हाती लागते. अर्थात नवाचा भाग जाणे हा केवळ सुगावा आहे, पुरावा नव्हे. कोणत्याही सलग नऊ संख्यांपैकी एका संख्येला नवाने भाग जातोच. शिवाय दोन-तीन चुका एकत्र मिसळल्या असतील तर फरक काहीच बोलत नाही. या चारही प्रश्नांनी काम झाले नाही, तरच रोजकीर्दीतील प्रत्येक नोंद खतावणीशी आणि पावतीशी ताडून, तपासलेल्या नोंदीवर खूण करीत पुढे जावे.

बेरीज जुळते, तरीही चूक असते

दुसरा गट अधिक धोक्याचा आहे, कारण तेथे सारे काही शांत असते. एखाद्या किराणा दुकानाचे उदाहरण घेऊन त्याचे प्रकार पाहता येतील.

उधारीवर आलेल्या रु. ८,००० च्या मालाचे बिल खिळ्याला अडकवून राहिले आणि वहीत आलेच नाही. दोन्ही नोंदी राहिल्या, म्हणून तेरीज जुळते. माल मात्र वर्षाखेरीच्या मोजदादीत धरला जातो. परिणामी नफा आठ हजारांनी फुगतो आणि देणे तेवढेच कमी दिसते. ही विसरचूक.

एकाच आडनावाचे दोन ग्राहक आहेत. एकाने दिलेले रु. ४,००० दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले. तेरजेला याचा पत्ता लागत नाही. पण ज्याने पैसे दिले त्याला पुढच्या महिन्यात मागणीपत्र जाते आणि वर्षानुवर्षांचा संबंध दुखावतो.

दुकानासाठी रु. १८,५०० चा नवा वजनकाटा घेतला आणि तो ‘दुरुस्ती खर्चा’त लिहिला. वजनकाटा अनेक वर्षे चालणार आहे, म्हणून ती मालमत्ता आहे. खर्च दाखविल्यास या वर्षीचा नफा कमी होतो आणि ताळेबंदात काटा दिसतच नाही. दुकानाच्या गल्ल्यातून घरची वीजबिले भरून ती दुकानाच्या खर्चात दाखविणे, हीही याच जातीची तत्त्वाची चूक होय.

चौथा प्रकार मूळ नोंदीतील चुकीचा. बिलच रोजकीर्दीत चुकीच्या रकमेने उतरले, तर पुढे दोन्ही खात्यांत तीच चुकीची रक्कम जाते. पाचवा प्रकार परस्परांना झाकणाऱ्या चुकांचा : विक्रीच्या बेरजेत एक हजार कमी पडले आणि खरेदीच्या बेरजेतही योगायोगाने एक हजारच कमी पडले, तर दोन चुका मिळून एक खोटी शांतता निर्माण करतात.

या चुका वहीत डोके खुपसून सापडत नाहीत. तेरीज ही वहीने स्वतःविषयी दिलेली साक्ष असते. येथे बाहेरचा साक्षीदार लागतो. असे साक्षीदार प्रत्येक व्यवसायाजवळ असतात. पुरवठादाराकडून मागविलेला खातेउतारा हा एक. गल्ल्यातील रोकड प्रत्यक्ष मोजणे हा दुसरा. गोदामातील मालाची मोजदाद हा तिसरा. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून तयार होणारे ‘जीएसटीआर-२बी’ हे विवरण मिळते. ते खरेदीवहीशी ताडल्यास खिळ्याला अडकलेली बिले लगेच उघडी पडतात. गेल्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना हाही एक मूक साक्षीदार आहे. वाण्याच्या दुकानाचा दुरुस्ती खर्च एकाएकी तिप्पट झाला असेल, तर त्यात वजनकाटा दडलेला असू शकतो.

बँकेचा उतारा : सर्वांत जवळचा साक्षीदार

सर्वांत विश्वासू आणि दरमहा उपलब्ध असा साक्षीदार म्हणजे बँकेचे पासबुक किंवा खातेउतारा. येथे आरंभीच एक गोंधळ दूर करावयास हवा. खातेदाराच्या वहीत बँकेतील शिल्लक नावे बाजूस असते, तर बँकेच्या उताऱ्यात तीच रक्कम जमा दिसते. यात विसंगती नाही. खातेदाराच्या दृष्टीने ते बँकेकडून येणे आहे. बँकेच्या दृष्टीने ते खातेदाराचे देणे आहे. एकच नाते दोन बाजूंनी लिहिलेले असते.

दोन शिलका एकाच तारखेला क्वचितच जुळतात. समजा, ३१ तारखेस रोकडवहीनुसार बँकेतील शिल्लक रु. ८४,३०० आहे, पण उतारा रु. ९१,५५० दाखवितो. नोंदी ताडून पाहता चार गोष्टी आढळतात. रु. १२,००० चे दिलेले धनादेश अद्याप वटण्यासाठी आलेले नाहीत. रु. ६,५०० चा भरलेला धनादेश अद्याप जमा झालेला नाही. एका ग्राहकाने रु. २,३४० थेट खात्यात पाठविले, त्याची वहीत नोंद नाही. बँकेने रु. ५९० शुल्क आकारले, तेही वहीत नाही. आता ८४,३०० मध्ये १२,००० मिळवावेत, ६,५०० वजा करावेत, २,३४० मिळवावेत आणि ५९० वजा करावेत. उत्तर ९१,५५० येते. जुळवणी पूर्ण झाली.

यापुढचा टप्पा अनेकजण गाळतात. चार फरकांपैकी पहिले दोन केवळ काळाचे आहेत. ते आपोआप मिटतील, म्हणून त्यांची नवी नोंद करावयाची नसते. उरलेले दोन मात्र वहीतील उणिवा आहेत. ग्राहकाची रक्कम आणि बँकेचे शुल्क वहीत घेतल्यावर खरी शिल्लक रु. ८६,०५० होते, आणि ताळेबंदात हाच आकडा गेला पाहिजे. ‘काळाचे’ म्हणून सोडलेले फरकही पुढच्या महिन्यात मिटले की नाही, हे पाहावे. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत तीन महिन्यांची झाली आहे. दिलेला धनादेश त्या मुदतीत वटला नाही, तर बँकशिल्लक पुन्हा वाढवून ते देणे वहीत परत उभे करावे लागते; देणे संपलेले नसते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांची वटवणी दिवसभर सलग सुरू झाली असून भरलेला धनादेश पूर्वीपेक्षा लवकर जमा होतो. त्यामुळे आठवडाभर लोंबकळणारी रक्कम आता चौकशीस पात्र ठरते.

उताऱ्यात बँकेचीही चूक असू शकते. अनोळखी रक्कम वजा झालेली दिसली, तर महिनाअखेरची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी तो किती दिवसांत कळवितो यावर अवलंबून ठेवण्याचे तत्त्व घालून दिले. विलंबाची किंमत मोजावी लागते, हा त्याचा आशय. उलट, न कळलेली रक्कम खात्यात जमा झाली, तर ती नशिबाने आली असे समजून खर्च करू नये. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने दिला गेलेला पैसा ज्याला मिळाला त्याने परत केला पाहिजे. चूकभूल द्यावी घ्यावी, हे पेढीवरचे वचन कायद्यातही असे दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहे.

दुरुस्ती : खोडू नये, लिहावी

चूक सापडली की पहिला मोह खोडण्याचा होतो. हिशेबात तो कटाक्षाने टाळावा. खोडलेला, गिरवलेला किंवा पांढऱ्या शाईने झाकलेला आकडा पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उभा करतो : येथे आधी काय होते? लिहिता लिहिताच चूक ध्यानात आली, तर चुकीच्या रकमेवर एकच आडवी रेघ मारावी, जुना आकडा वाचता येईल असा ठेवावा, वर योग्य रक्कम लिहून सही व तारीख घालावी. धनादेशावर मात्र ही सवलत नाही. प्रतिमेवर आधारित वटवणी पद्धतीत तारखेची मुदत वाढविण्याखेरीज धनादेशावरील अन्य खाडाखोड चालत नाही. तेथे नवा धनादेश लिहिणे हाच मार्ग आहे.

नोंद खतावणीत गेल्यानंतर दुरुस्ती स्वतंत्र नोंदीने करावी. वर उल्लेखिलेल्या वजनकाट्यासाठी ‘वजनकाटा खाते नावे रु. १८,५००, दुरुस्ती खर्च खाते जमा रु. १८,५००’ अशी नोंद रोजकीर्दीत होईल आणि तिच्याखाली मूळ नोंदीची तारीख व चुकीचे कारण एका ओळीत लिहिले जाईल. दोन समान आडनावांच्या ग्राहकांच्या बाबतीत ज्याच्या खात्यात चुकून जमा झाले त्याला रु. ४,००० नावे, आणि ज्याने खरोखर दिले त्याला रु. ४,००० जमा. चुकीची नोंद जागच्या जागी राहते, तिच्या शेजारी दुरुस्ती उभी राहते, आणि दोन वर्षांनी वही उघडणाऱ्यालाही सारा वृत्तान्त वाचता येतो.

संगणकावर जुनी नोंद एका कळीने बदलता येत असल्याने हा नियम सैल पडला होता. कंपन्यांपुरता तो आता पुन्हा आवळला गेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहण्याची आणि ती बंद करता न येण्याची सोय असणे बंधनकारक करण्यात आले. लहान व्यापाऱ्याला हा नियम लागू नसला, तरी त्याचे तत्त्व प्रत्येक वहीला लागू पडते. मागील वर्षाची चूक या वर्षी सापडल्यास तीही मागील ताळेबंदात गुपचूप बदलू नये. लेखापालाच्या सल्ल्याने चालू वर्षात ती वेगळी दाखवून दुरुस्त करावी.

फरक सापडतच नसेल आणि काम तर पुढे न्यायचे असेल, तेव्हा तेवढ्या रकमेचे सस्पेन्स खाते उघडण्याची मुभा असते. आधीच्या उदाहरणात ग्राहकाच्या खात्यात ६,८५० ऐवजी ६,५८० जमा झाल्याने जमा बाजू रु. २७० ने कमी पडली. म्हणून सस्पेन्स खात्यात रु. २७० जमा दाखवून तेरीज तात्पुरती जुळविली. चूक सापडल्यावर सस्पेन्स खाते नावे आणि ग्राहकाचे खाते जमा अशी नोंद केली की ते खाते शून्यावर येऊन मिटते. हे खाते धर्मशाळेसारखे आहे : रक्कम तेथे रात्रीपुरती उतरावी, बिऱ्हाड करू नये.

झाकलेली चूक आणि नाकारलेली चूक

बिऱ्हाड केल्यास काय होते, याचा धडा १९९५ साली साऱ्या बँकिंग जगाला मिळाला. लंडनची बेरिंग्ज ही १७६२ साली स्थापन झालेली प्रतिष्ठित बँक होती. तिच्या सिंगापूर कार्यालयात जुलै १९९२ मध्ये किरकोळ चुका तात्पुरत्या नोंदविण्यासाठी एक खाते उघडण्यात आले. त्याचा क्रमांक ८८८८८. निक लीसन या कर्मचाऱ्याने आपल्या सौद्यांतील तोटे त्या खात्यात ढकलण्यास सुरुवात केली. सौदे करणारा तोच आणि त्यांच्या हिशेबावर देखरेख ठेवणाराही तोच, त्यामुळे त्याला हटकणारे कोणी नव्हते. तोटा भरून काढण्यासाठी अधिक मोठे सौदे झाले आणि खड्डा वाढत गेला. अखेर ८२ कोटी ७० लाख पौंडांचा तोटा उघडकीस आला आणि २६ फेब्रुवारी १९९५ रोजी २३३ वर्षांची ती बँक कोसळली. पुढे आयएनजी या डच समूहाने ती नाममात्र एका पौंडात घेतली. चुकांसाठी उघडलेल्या खात्याची शिल्लक दरमहा कोणी विचारली असती, तर गोष्ट तेथेच थांबली असती.

चूक झाकणे हा जसा एक अपराध, तसा ती नाकारणे हा दुसरा. ब्रिटनमधील टपाल कार्यालयांत १९९९ पासून ‘होरायझन’ ही संगणकीय हिशेबप्रणाली बसविण्यात आली. गावोगावच्या उपटपालमास्तरांच्या हिशेबात तिच्यामुळे न घडलेली तूट दिसू लागली. ते तक्रार करीत राहिले. संगणक चुकत नाही, असे गृहीत धरून त्यांच्यावरच अफरातफरीचे आरोप ठेवले गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण दोषी ठरविले गेले. कित्येकांनी पदरचे पैसे भरले, काहींनी तुरुंगवास भोगला. ५५५ जणांनी मिळून चालविलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, आणि मे २०२४ मध्ये खास कायदा करून अशा दोषसिद्धी रद्द करण्यात आल्या. तूट दिसताच माणसावर बोट ठेवण्यापूर्वी नोंदीच्या मुळाशी जावे, हा त्यातला बोध कोणत्याही लहान दुकानाच्या मालकालाही उपयोगी आहे. गल्ल्यात पाचशे रुपये कमी भरले, तर नोकराला विचारण्याआधी त्या दिवसाची वही एकदा तपासलेली बरी.

सवयीचा आधार

चुका शोधण्याहून त्या वाढू न देणे स्वस्त पडते. दिवसाचा हिशेब त्याच दिवशी लिहावा आणि गल्ला बंद करताना रोकड मोजावी. पावतीवाचून नोंद करू नये आणि नोंदीवाचून पावती फाइलला लावू नये. पैसे हाताळणारा आणि वही लिहिणारा यांची कामे शक्य तेथे वेगळी ठेवावीत. घरच्या व्यवसायात माणसे कमी असतील, तर निदान महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या नजरेखालून वही घालावी. बँकेची जुळवणी दरमहा व्हावी. बारा महिन्यांच्या चुका मार्चमध्ये एकत्र शोधणे हे बारा कुलुपांच्या किल्ल्या एकाच अंधाऱ्या खोलीत शोधण्यासारखे आहे. मोठ्या ग्राहकांकडून आणि पुरवठादारांकडून वर्षातून एकदा शिल्लक लेखी मान्य करून घ्यावी.

दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्यांची पूजा करून हळदकुंकू वाहण्याची रीत व्यापारी घरांत आजही पाळली जाते. आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला उघडते. दिवस कोणताही मानला, तरी नव्या वहीच्या पहिल्या ओळीत जुन्या वहीची अखेरची शिल्लक उतरते. जुन्या वहीत लपलेली चूकही तिच्याबरोबर पुढे येते आणि दरवर्षी थोडी अधिक जुनी, थोडी अधिक अवघड होत जाते. म्हणून शिल्लक पुढे ओढण्यापूर्वी ती कशाकशाची बनली आहे, हे एकदा उलगडून पाहावे. बेरजेखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहिण्याचा अधिकार ज्याने चूक शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला त्यालाच शोभतो.